मातीचा लाडू

"नस कुठली ते सांगा, वस्ताद. तेवढी एक दाखवा, मी लगेच निघतो."

 बाबालाल वस्ताद तालमीच्या पायरीवर बसून स्वतःचाच डावा अंगठा चोळत होते. मुळापासून नखापर्यंत, मग परत मुळापासून.

"वस्ताद…"

"ऐकलं की. बहिरा न्हाई मी."

विश्वजित मगदूमनं घड्याळ बघितलं. गुरुवार, सकाळचे सव्वाआठ. रविवारी सकाळी सातला पंधराशे मीटरची निवड चाचणी. पहिले तिघं राष्ट्रीय शिबिराला जाणार, बाकीचे आपापल्या घरी. आणि ज्याच्यासाठी हा सगळा आटापिटा चालला होता, तो बिरू वाघमोडे मागे लिंबाखालच्या बाकावर बसला होता. एका पायाची पँट गुडघ्यापर्यंत वर दुमडलेली.

बिरू वीस वर्षांचा. मेंढरांमागे पळून तयार झालेले पाय. चार वर्षांपूर्वी शाळेच्या स्पर्धेत विश्वजितनं त्याला हेरला, आपल्या क्रीडा प्रबोधिनीत आणला आणि घासूनपुसून पंधराशे मीटरला उभा केला. आता ऐन मोक्याला, तीन आठवड्यांपूर्वी, पोराच्या उजव्या पोटरीनं दगा दिला.

विश्वजित काही ऐरागैरा नव्हता, बरं का. खेळाडूंच्या मालिशीवर त्याचं स्वतःचं शिबिर चालायचं. गावोगावचे प्रशिक्षक वह्या घेऊन यायचे आणि हा बोलेल ते उतरवून घ्यायचे. कुठल्या स्नायूला किती मिनिटं, कुठं तळहात, कुठं कोपर, रोलर कसा फिरवायचा, तळव्याखाली चेंडू कसा ठेवायचा, सगळं तोंडपाठ. असा माणूस खेड्यातल्या तालमीत कधी येतो? सगळे उपाय करून हात टेकले, की येतो.

"रोलर झाला. बर्फ झाला. मशीन झालं," तो येरझाऱ्या घालत म्हणाला. "रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास मी स्वतः रगडतोय. रगडलं की बरं वाटतंय म्हणतो. दुसऱ्या दिवशी परत लंगडतो. लोक म्हणतात, तुम्हाला एक नस माहीत आहे. ती दाबली की पैलवान उठून उभा राहतो."

"लोक म्हनत्यात," वस्ताद म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

ते बिरूजवळ गेले. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा हाताचा उलटा पंजा त्याच्या पोटरीला लावला. क्षणभरच. बिरू वर लिंबाकडं बघत राहिला. वस्तादांनी पँट हळूच खाली ओढली आणि परत पायरीवर येऊन बसले.

"बघितलं."

"मग?"

"मग तुमची पोटरी दाखवा."

"माझी?"

"हां."

"वस्ताद, दुखणं त्याचं आहे."

"त्याचं बघून झालं. आता तुमचं."

विश्वजितच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दुखणं हल्याला आणि इंजेक्शन पखालीला! शंभर किलोमीटर गाडी हाणत आलो ते ह्या म्हाताऱ्याला माझे पाय दाखवायला का? पण अडला हरी, करतो काय. त्यानं बूट काढले, पँट वर दुमडली आणि पायरीवर बसला.

"तुमचं तुमी रगडा," वस्ताद म्हणाले. तेलाची वाटी पुढं सारली. "आमच्या तालमीची रीत हाय. आपलं अंग आपन रगडल्याबिगर दुसऱ्याच्या अंगाला हात लावायचा न्हाई."

एवढंच ना! हा तर त्याच्या हातचा मळ होता. शिबिरात करून दाखवायचा तसं त्यानं सुरू केलं, तोंडानं सांगत सांगत.

"आधी लांब हात, टाचेकडून गुडघ्याकडं. रक्त वर चढवायचं. मग कणकेसारखं तिंबायचं, दोन्ही हातांनी. मग अंगठ्यानं गाठी शोधायच्या. शेवटी थापट्या. झालं."

"झालं?"

"झालं."

"कुनाला शिकवत हुता?"

विश्वजितचे हात पोटरीवरच थांबले.

"परत करा. तोंड मिटून."

त्यानं केलं. भराभरा केलं.

"परत."

खिशात फोन वाजला. प्रबोधिनीच्या कचेरीतून होता. बिरूचं नाव पक्कं आहे ना, दुपारपर्यंत यादी पाठवायची आहे. "आहे, आहे, पक्कं आहे," असं सांगून त्यानं फोन ठेवला.

"परत करा, मास्तर."

"वस्ताद, माझ्याकडं वेळ नाही हो! रविवार डोक्यावर आलाय!"

"मग लवकर करा."

चौथ्यांदा केलं. ह्या खेपेला वस्ताद पुढं वाकून त्याच्या हाताकडंच बघत होते. मांजर बिळाकडं बघतं तसं.

"हितं उडी का मारली?"

"कुठं?"

"पोटरीच्या आतल्या अंगाला. चार येळा बघतोय. हात खालनं येतोय. हितं आला की उचलतोय, आन् वर जाऊन टेकतोय."

"काहीतरीच काय! मी सगळीकडं सारखाच…"

तो थांबला. स्वतःच्या हाताकडं बघत त्यानं परत टाचेपासून हात ओढत आणला. घोटा. नडगीची कड. पोटरी. आणि आतल्या बाजूला, चार बोटांच्या जागेवर, हात उचलला गेला. त्यानं उचलला नव्हता. कुणाचीही शपथ घेऊन सांगितलं असतं त्यानं. हात आपला आपण उठला आणि पलीकडं जाऊन टेकला, रस्त्यात काही पडलेलं असावं तसा.

 बारा वर्षांत त्यानं हजारो पाय रगडले होते. कुणाच्या पायावर हा हात असा कधी कचरला नव्हता. जिथं दुखतं म्हणतील तिथं तर तो दुप्पट जोरानं चढायचा.

"तिथं काही नाही," तो घाईघाईनं म्हणाला.

"बरं. मग झोपा पालथं."

तालमीत सतरंजी अंथरलेलीच होती. वस्ताद हौद्यात उतरले. पैलवान जिथं कुस्ती खेळतात, तिथली मूठभर लाल माती उचलली, पाण्याच्या मडक्यात बुडवली आणि दोन्ही पंजांत दाबून तिचा एक लाडू वळला. तो विश्वजितच्या उजव्या हातात दिला.

"मूठ मिटा. फोडायचा न्हाई."

"हे कशाला आता?"

"ज्याला रगडायचं त्याच्या मुठीत लाडू. तीबी रीतच हाय."

विश्वजितनं मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला आणि झोपला. वस्तादांचा हात टाचेपासून निघाला. म्हाताऱ्याच्या हाताला जोर असा काही वाटेना. जड मात्र होता. घोटा झाला, पोटरी आली, आणि मग अंगठा त्या चार बोटांच्या जागेवर येऊन बसला.

नुसता बसला. मग हळूहळू आत उतरला.

विश्वजितचे दात दातांवर बसले.

"दुखतंय?"

"नाही."

"मास्तर?"

"नाही… बरं वाटतंय."

शब्द कसे अगदी सरळ बाहेर आले. घशात अडकलेसुद्धा नाहीत.

"उठा. मूठ उघडा."

त्यानं उघडली. लाडूचा चुरा झाला होता. बोटांच्या फटींतून लाल माती सतरंजीवर सांडत होती.

आता म्हातारा आपल्याला धारेवर धरणार, असं त्याला वाटलं.  पण वस्ताद भिंतीला धरून उठले, कोपऱ्यातली पितळी घागर उचलली आणि मागच्या विहिरीकडं निघाले.

"कुठं चाललात?"

"लाडू फुटला की दोन घागरी पानी हौद्यात. विहिरीवरनं आनून."

"मग मी आणतो ना! माझ्या मुठीत फुटलाय तो."

"मूठ तुमची. रगडनारा हात कुनाचा हुता?"

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. त्यानं रहाटानं पाणी ओढलं, घागर खांद्यावर घेतली, थांबत थांबत आणली. लुंगी भिजली. हौद्याच्या चारी कोपऱ्यांत हातानं पाणी शिंपडलं. मग परत गेले. विश्वजित दोनदा मध्ये पडला, दोन्हीदा वस्तादांनी त्याला कोपरानं बाजूला केला. तेल लावलेला एक पाय उघडा टाकून तो नुसता उभा राहिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

"वस्ताद, मी खोटं बोललो," दुसरी घागर रिकामी झाल्यावर तो म्हणाला. "चूक माझी आहे."

"रगडून घेनारा खोटंच बोलतो. त्याला सुटायचं आसतं न्हवं का. म्हनून तर तोंडाकडं न्हाई, मुठीकडं बघायचं." वस्ताद धापा टाकत पायरीवर बसले. "कुनी दाबलं हुतं तितं?"

विश्वजितनं पँट खाली ओढली.

"मास्तर, कुनी?"

"आमच्या सरांनी."

"कवा?"

"सोळा वर्षं झाली. विद्यापीठाची स्पर्धा होती. माझी पोटरी धरली होती. सरांचे हात… सगळे म्हणायचे, सरांच्या हातात जादू आहे. सलग चार दिवस रगडत होते."

"तुमी काय म्हनला सरास्नी?"

 शिबिरात विश्वजित नेहमी सांगायचा, मी धावणं सोडलं ते शिकवण्याच्या ओढीनं. सांगून सांगून त्याला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

"बरं वाटतंय म्हणालो."

"मंग?"

"मग शर्यतीत दुसऱ्याच फेरीत स्नायू फाटला. परत कधी पळलो नाही."

हे बोलता बोलता त्याची नजर लिंबाखाली गेली. बिरू तिथंच बसला होता, हात मांड्यांखाली घालून. तीन आठवडे. सकाळ-संध्याकाळ. बेचाळीस वेळा आपण त्या पोरावर ओणवे होऊन विचारलं, कसं वाटतंय? बेचाळीस वेळा तो म्हणाला, बरं वाटतंय, सर.



विश्वजित उठला. स्वतः हौद्यात उतरला, माती घेतली, मडक्यात बुडवली, दाबली. पहिला लाडू फसला. दुसरा जमला. तो घेऊन तेलाच्या वाटीसह तो लिंबाखाली गेला. वस्ताद मागोमाग आले.

"बिरू, हा मुठीत धर. फोडू नकोस."

बिरूनं लाडूकडं बघितलं, वस्तादांकडं बघितलं, आणि मूठ मिटली. विश्वजित बाकासमोर जमिनीवर बसला. बिरूची पँट वर केली. तेल तळहातावर घेतलं आणि हात ऊब येईपर्यंत एकमेकांवर घासले.

"थांबा," वस्ताद म्हणाले.

"मी अजून हात लावला नाही."

"म्हनून तर थांबा. बिरू, मूठ उघड बाळा."

बिरूनं मूठ पाठीमागं नेली. "असू दे की, आज्जा."

"उघड."

"नगं."

"बिरू!" विश्वजित म्हणाला.

सरांचा आवाज ऐकला मात्र, मूठ पुढं आली आणि झटकन उघडली. आत चुरा. लाडूचा मागमूस नव्हता.

हात लावला नव्हता. बोट टेकवलं नव्हतं. विश्वजित फक्त समोर येऊन बसला होता.

  विश्वजितची नजर घागरीकडं गेली.

"मी आणतो पाणी," तो पुटपुटला.

"न्हाई, मास्तर. घागर रगडनाऱ्याला आसती. तुमी तर अजून हातबी लावला न्हवता. ह्याला आमच्यात दंड न्हाई."

त्यापेक्षा म्हाताऱ्यानं दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. विश्वजित खाली बसल्या बसल्याच म्हणाला, "बिरू, मला घाबरतोस?"

"न्हाई, सर."

लगेच आलं उत्तर. अगदी सरळ, घशात न अडकता. थोड्या वेळापूर्वी स्वतःच्या तोंडून आलं होतं ना, तसंच. विश्वजितनं तेल लागलेले हात पँटला पुसले आणि फोन काढला. अंगठा घसरत होता, दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं.

"कचेरी? मगदूम बोलतोय. रविवारच्या यादीतून वाघमोडेचं नाव काढा. हो, काढा म्हणतोय ना! पाय दुखावलाय. … नाही, तो नाही पळणार."

चार वर्षं. पहाटे साडेचारचे गजर, पावसातली मैदानं, बिरूच्या बापाला दिलेला शब्द. सगळं एका वाक्यात खाली ठेवलं त्यानं. पुढची चाचणी आता एक वर्षानं. 

आणि बिरू एका पायावर ताडकन उभा राहिला.

"सर, नगा! नगा ओ सर! मी पळतो की! काय सुदीक दुखत न्हाई, बरं वाटतंय मला!"

"खाली बस."

"मला काढू नगा!"

"यादीतून काढलंय फक्त. तुला कुठं…"

"संत्यालाबी पयलं यादीतनंच काढलं हुतं!" बिरूचा आवाज फाटला. "त्यो म्हनला गुडघा दुखतोय. तवा तुमी समद्यांच्या म्होरं म्हनला, कुरकुऱ्यांसाठी माझ्याकडं येळ न्हाई. दुसऱ्या दिशी त्याची पेटी दाराभायेर. मग मी कसं म्हनू दुखतंय? सांगा की, कसं म्हनू?"

संत्या. मागच्या वर्षीचा आठशे मीटरवाला. आणि ते कुरकुऱ्याचं वाक्य… विश्वजितला ते किती आवडलं होतं! शिबिरातसुद्धा तो ते दोन-तीनदा बोलला होता. लोक हसले होते, एकानं तर वहीत लिहूनही घेतलं होतं. त्याला आता आपलीच शरम वाटली, अगदी कानापर्यंत.

"संत्याला मी काढला, ते चुकलं माझं," तो म्हणाला.

एवढंसं वाक्य. माणसाला ते उचलायला इतकं जड का जातं, देव जाणे. ते बोलताना त्याचा चेहरा पडलेला बिरूनं पहिल्यांदाच बघितला.

"तुला नाही काढणार. वर्ष लागलं तरी नाही."

बिरू हळूहळू बाकावर टेकला. तळहातावरचा मातीचा चुरा बघत राहिला. बराच वेळ… एवढा की विश्वजितचा हात सवयीनं घड्याळाकडं गेला आणि अर्ध्यातून मागं आला.

"दुखतंय, सर."

"कधीपासून?"

"पयल्या दिसापास्नं. तुमी रगडाय लागला की डोळ्यापुढं काजवं चमकत्यात. रातच्याला पाय भुईला टेकवत न्हाई. मी भित्तीला धरून मोरीत जातो. परवा तर… परवा मला वाटलं, आतनं कायतरी तुटलं. पर तुमी इतकं घामाघूम हून रगडत हुता, की मलाच कसं तरी वाटलं. आन् हितनं, ह्या शिरंपासनं…"

विश्वजितच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि पोर बोट ठेवून जागा दाखवायला लागलं तसे त्याचे दोन्ही हात पुढं झाले. तेलकट, ऊबदार, बारा वर्षांच्या सवयीचे हात. दुखतंय म्हटलं की तिकडं धावायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

वस्तादांनी त्याचं मनगट वरच्यावर धरलं.

"हात मागं घ्या, मास्तर. पोरगं आत्ता कुठं बोलाय लागलंय."